दवंडी वेगळी, पडवी वेगळी: वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप कसा चालवावा

लांजा तालुक्यातल्या एका खेड्यात मी शाखा डाकपाल होतो. लोक पोस्टमास्तर म्हणायचे, आता नुसतं मास्तर म्हणतात. निवृत्त झालो त्या वर्षी दोन गोष्टी गळ्यात पडल्या. एक मानेचा पट्टा, दुसरा वाडीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. पट्टा डॉक्टरांनी दिला, ग्रुप पुतण्याने. "काका, तुम्हाला सगळे ओळखतात, तुम्हीच ॲडमिन व्हा," म्हणाला आणि रातराणी एसटीने ठाण्याला निघून गेला.

वाडी ६२ घरांची. त्यातली निम्मी घरं वर्षभर बंद, गणपतीला आणि शिमग्याला उघडणारी. त्यांची माणसं नालासोपारा, दिवा, डोंबिवलीत. ग्रुपवर मात्र दोनशेच्या वर डोकी रोज समोरासमोर. २०१७ पासून हे सांभाळतोय. भांडणं बघितली, एकदा स्वतःच्याच हाताने मोठी चूक केली, तिच्याबद्दल पुढे लिहिलंय. आता शेजारच्या वाड्यांचे ॲडमिन फोन करतात, मास्तर, तुमच्याकडे एवढं शांत कसं? शांत वगैरे काही नाही. पण प्रत्येकाला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो.

आधी एका ग्रुपचे दोन करा

सुरुवातीला आमचा एकच ग्रुप होता. "उद्या रेशनवर तांदूळ येणार, १० वाजता" ही ओळ मी संध्याकाळी टाकली. सकाळी तिच्यावर सुप्रभातचे वीस-पंचवीस गुलाब, दोन वाढदिवस आणि एक हत्तीचा व्हिडिओ. वरच्या घरातली काकी तिसऱ्या दिवशी रिकामी पिशवी घेऊन माझ्या दारात. "मला कोनी सांगितलान नाय." सांगितलं होतं, पण गुलाबांखाली.

म्हणून एकाचं नाव 'दवंडी' ठेवलं, दुसऱ्याचं 'पडवी'. दवंडीत फक्त तिघांनी लिहायचं: मी, पोलीस पाटील आणि बचत गटाच्या अध्यक्षा. ग्रुपच्या नावावर बोट ठेवलं की माहितीचं पान उघडतं, त्यात परवानग्यांच्या भागात मेसेज कोणी पाठवायचे हे ठरवता येतं. तिथे 'फक्त ॲडमिन' करा आणि त्या तिघांना ॲडमिन करा. लाइट जाणार, नळाला पाणी येणार नाही, एसटीची वेळ बदलली, लसीकरण, बैठक, मयत. याच्यापलीकडे दवंडीत काही नाही. दिवाळीच्या शुभेच्छासुद्धा नाहीत, मला त्यावरून बोलणी खावी लागली तरी नाहीत.

आपण टाकलेला मेसेज दाबून धरा आणि माहिती बघा, कोणी वाचला ते कळतं. ज्यांनी वाचला नाही त्यांच्या घरी शेजारच्या पोराला पाठवतो.

पडवीत सगळ्यांनी बसावं, बोलावं. आंब्याला मोहर आला त्याचा फोटो टाकावा, क्रिकेटवरून भांडावं. राजकारणही चालतं आमच्याकडे. तिथे नियम एकच आहे. स्वतः टाइप केलेलं किंवा स्वतःच्या तोंडाने बोललेलं टाका, पुढे ढकललेलं टाकू नका.

पुढे ढकललेल्याचं काय करायचं

हा नियम कुठून आला ते सांगतो. पोस्टात असताना दर दोन-चार महिन्यांनी तसली कार्डं यायची. वर देवीचं नाव, खाली मजकूर: हे पत्र मिळाल्यावर २१ जणांना पाठवा, अमक्याने पाठवलं त्याला लॉटरी लागली, तमक्याने फाडलं त्याचा बैल मेला. कार्ड तेव्हा १५ पैशांचं होतं. २१ कार्डं म्हणजे ३ रुपये १५ पैसे, वर एकवीस वेळा हाताने लिहायचं. घाबरायचे सगळे, पण पुरी एकवीस लिहिणारा मी तरी बघितला नाही. एक वहिनी कार्डं घ्यायला आल्या तेव्हा मी म्हटलं, अहो, एवढ्या लांबच्या देवीला आपला पत्ता कसा कळणार? हसल्या, आणि तरीही पाच घेऊन गेल्या. पाचावर देवीला पटवायचं ठरवलं असणार.

आता ती वहिनी नातवाच्या फोनवरून बसल्या जागी २१ ग्रुपना पाठवू शकते. भीती तेवढीच आहे, तिच्यावरचा खर्च गेला.

२०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज महाराष्ट्रभर फिरत होते. आमच्या ग्रुपवर तो तीनदा आला, तीन वेगळ्या माणसांकडून, आणि तिन्ही वेळा टोळी 'आपल्या भागात कालच' दिसलेली. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने मुलं पळवणारे ठरवून मारून टाकलं. भिक्षा मागत फिरणारी माणसं ती, सोलापूर जिल्ह्याकडून आलेली. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं.

त्यानंतर आठवड्याभराची गोष्ट. मोटरसायकलवर चादरी विकणारा एक जण आमच्या वाडीत आला. पोरांनी गाडी अडवली आणि चावी काढून घेतली. मला कळलं तसा पोलीस पाटलांना घेऊन धावत गेलो. तो माणूस तीन वर्षं येत होता. आमच्या घरातली निळी चादर त्याचीच. घाम पुसत एकच सांगत होता, "ओ मास्तर, तुम्ही ओळखता ना मला?" ओळखत होतो म्हणून बरं. चहा पाजला, पोरांना चावी द्यायला लावली. कोणी सांगितलं विचारलं तर सगळ्यांचं उत्तर एक, ग्रुपवर होतं. ग्रुपवर टाकणारा विरारला बसलेला, आणि चावी काढणारे हात इथले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने भारतापुरती मर्यादा घातली: ढकललेला मेसेज एका वेळी ५ ठिकाणीच जाईल. जानेवारी २०१९ मध्ये ती जगभर लागू केली. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, फार वेळा ढकललेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असं केलं, आणि महिनाभरात कंपनीनेच सांगितलं की तसे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. लोक काही एका महिन्यात शहाणे झाले नव्हते. बोट चार वेळा जास्त हलवायला लागत होतं. हे वाचलं तेव्हा मला ती १५ पैशांची कार्डं आठवली आणि ॲडमिनने करायचं काय ते उमगलं. जिथे बोलणं अगदी फुकट झालंय तिथे थोडा खर्च परत लावायचा. पुढचे माझे सगळे उद्योग याच हिशेबाचे आहेत.

तर कृती अशी. मेसेजच्या डोक्यावर दोन बाण दिसले की तो निदान पाच हातांतून फिरून आलाय असं समजा. ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी पुसता येतो, दाबून धरून पुसा. पण त्याआधी टाकणाऱ्याला फोन करा. ग्रुपवर बोलू नका, चारचौघांत चूक दाखवली की माणूस चूक सोडत नाही. मी फोनवर एवढंच विचारतो, "दादा, हे तू स्वतः बघितलंस?" बहुतेक वेळा पलीकडून, "नाय ओ मास्तर, आलं तसं टाकलं."

हुशार मंडळी मजकूर उचलून नव्याने चिकटवतात, मग बाण दिसत नाहीत. तेव्हा भाषा बघायची. आपल्या वाडीतला कोणीही "सर्व पालकांना कळकळीची विनंती" असं बोलत नाही. तारीख नसते, गावाचं नाव नसतं, शेवटी जास्तीत जास्त पाठवा. आणि अफवा जीवावरची असेल तर नुसतं पुसून भागत नाही, ज्यांनी वाचली त्यांच्या डोक्यात ती राहते. मी पोलीस पाटलांना विचारतो आणि कोणाला विचारलं, किती वाजता विचारलं, ते काय म्हणाले, एवढं दवंडीत लिहितो.

रात्री १० ला कुलूप

आमच्या देवळाच्या सभामंडपाचं काम निघालं होतं. पत्रा की स्लॅब यावरून आधीच दोन तट. एका रात्री पावणेदहाला मुंबई मंडळाकडून वर्गणीच्या वहीच्या एका पानाचा फोटो पडला. पानावर वर खर्च होता, खाली जमा. फोटोत पानाची खालची चार बोटं जागा, म्हणजे जमाच, आली नव्हती.

दीड वाजेपर्यंत १४० मेसेज. लिहिणारे जवळपास सगळे मुंबईचे, जेवून खोलीत आडवे झालेले. गाव झोपलेलं. पहाटे साडेपाचला गाव उठलं, चुलीपुढे बसून सगळं एका दमात वाचलं आणि सहापासून उत्तरं सुरू. भांडण रात्री मुंबईत झालं, सकाळी गावात झालं, आणि मधल्या वेळात कोणी कोणाच्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. जमेचा आकडा मी सकाळी वहीतून दाखवला तेव्हा तो वाचायला कोणी जाग्यावर नव्हतं, विषय एव्हाना कोणाच्या आज्याने कोणाच्या शेताची मेर सरकवली इथपर्यंत गेला होता. त्या शिमग्याला सख्ख्या चुलत भावांपैकी एक सहाणेवर, पालखी बसते त्या जागी, आलाच नाही. पालखी घरात गेली तेव्हा उंबऱ्यात उभा राहिला, बोलला नाही.

तेव्हापासून रात्री १० ला पडवी बंद. तीच परवानगी, फक्त ॲडमिन. सकाळी ६ ला उघडतो. आपोआप होत नाही, रोज हाताने करावं लागतं. मी ओटीवरचा दिवा मालवताना करतो. पहिला आठवडा मला हुकूमशहा म्हणाले. एकाने तर "मास्तरांनी कर्फ्यू लावला" म्हणून सकाळी सहा वाजून एक मिनिटाने मेसेज टाकला. हल्ली तोच सांगतो, रात्री वहीत खरडून ठेवलेलं सकाळी वाचलं की अर्धं टाकावंसं वाटत नाही.

दिवसाही भांडण पेटलं तर तासभर कुलूप लावा. एका वाक्यात कारण लिहा आणि उघडायची वेळ लिहा. वेळ लिहिली नाही तर लोकांना वाटतं तुम्ही एका बाजूचे.

अंगठा म्हणजे मान्य नव्हे

मी आयुष्यभर मनीऑर्डरच्या कागदावर अंगठे घेतले. शाईची पेटी, डाव्या हाताचा अंगठा, शेजारी साक्षीदाराची सही. मुंबईहून मुलाने पाठवलेले पैसे म्हातारीच्या हातात पडले याचा तो पुरावा. त्यामुळे फोनवरचा अंगठा मला आधी फार भारदस्त वाटायचा.

बैठकीत "प्रत्येक घरामागे २,००० रुपये" असा विषय निघाला, कोणीतरी तो ग्रुपवर टाकला आणि त्याखाली बरेच अंगठे आले. खजिनदाराने अंगठे मोजले आणि पैसे मागायला सुरुवात केली. तर निम्मे म्हणाले, आम्ही नुसतं वाचलं म्हणून अंगठा दिला. उरलेले म्हणाले, अंगठा दिलास म्हणजे कबूल. दोघंही खरं बोलत होते. एका चित्राचे दोन अर्थ, आणि साक्षीदार कोणी नाही.

आता पैशाचा किंवा श्रमदानाचा विषय असला की मी लिहितो: अंगठा धरला जाणार नाही, 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून पुढे घराचं नाव लिहा. दोन शब्द टाइप करायला लागले की माणूस आकडा परत वाचतो. ग्रुपवर मतदान घ्यायची सोय आहे, पण कोणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. थोरल्या भावाने एक बोट लावलं की धाकटे तिकडेच. बैठकीची तारीख ठरवण्यापुरतीच ती वापरा.

मयताची बातमी

ही माझी चूक. खालच्या घरातले तात्या दुपारी गेले. मला पाच मिनिटांत कळलं आणि मी दवंडीत टाकलं, नाव, वेळ, अंत्यविधी किती वाजता. चांगलं काम केलं असंच वाटत होतं. तात्यांची मुलगी तेव्हा दिवा स्टेशनवर उभी होती, वडील दवाखान्यात आहेत एवढंच तिला माहीत. भावाचा फोन तिला लागत नव्हता. माझा मेसेज लागला. पडवीत भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग सुरू झाली होती, ती तिने फलाटावर उभं राहून वाचली.

लांज्याहून तार यायची त्या काळात मी काय करत होतो? तार वाईट आहे कळलं की आधी शेजारच्या घरात जायचो, एखाद्या जाणत्या बाईला सोबत घ्यायचो, मग त्या घरात. ज्याच्या नावावर असेल त्याच्याच हातात, आणि तो बसल्यावर. मला हे कोणी शिकवलं नव्हतं. चालत जायला वीस मिनिटं लागायची, त्यात सुचायचं. जुलै २०१३ मध्ये देशातली तारसेवा बंद झाली. इतकी वर्षं जे पायांनी सुचलं ते बोटाला सुचलं नाही. वर्षश्राद्धाला मुलगी आली तेव्हा मी माफी मागितली. ती म्हणाली, "असू दे मास्तर," आणि दुसरं बोलायला लागली.

आता आमच्याकडे मयताची बातमी घरच्यांनी फोनवर "टाका" म्हटल्याशिवाय जात नाही. आधी विचारायचं, मुंबईत कोणाकोणाला कळायचंय? त्यांना कळेपर्यंत थांबायचं, मग एक तास उशीर झाला तरी चालेल. अपघाताचे फोटो कुठल्याच ग्रुपवर नाहीत, आमच्या वाडीतले असोत की कुठलेही.

कोण बोलत नाही ते बघा

बोलणाऱ्यांना आवरणं सोपं. न बोलणारे दिसत नाहीत. आमच्या खालच्या आवाठात, म्हणजे खालच्या घरांच्या पुंजक्यात, रेंज येत नाही, पाण्याच्या टाकीजवळ चढून जावं लागतं. भातलावणीच्या दिवसांत तर फोन घरात डब्यावर. मुंबईकर लोकलमध्ये तासभर मोकळा, त्यामुळे जुलैत ग्रुपवर वाचाल तर वाटेल वाडीचं सगळं मत डोंबिवलीत राहतं. कुठल्याही विषयाला मी चार दिवस देतो आणि एकदा स्वतः खालच्या आवाठात चक्कर मारून येतो.

बायकांचं वेगळं. नळयोजनेवर पडवीत तीसेक पुरुष बोलले, विहिरीवरून पाणी आणणारी एकही नाही. विचारलं तर कारणं साधी. सासरे ग्रुपवर आहेत, दीर आहेत. आणि आपला नंबर सगळ्यांना दिसतो. एकीला ग्रुपवर एकदाच लिहिल्यावर एकाचे खासगीत सुप्रभात सुरू झाले होते, रात्री अकराला. त्याला मी फोन केला नाही, घरी गेलो. मग ग्रुपमधून काढला. बायकांचं खरं बोलणं बचत गटाच्या ग्रुपवर चालतं, तिथे मी नाही आणि नसावंच. नळाचा विषय अध्यक्षांनी तिकडे विचारला आणि उत्तर नावांशिवाय बैठकीत मांडलं. टाकी कुठे बांधायची ती जागा त्यावरून बदलली.

लिहिता न येणाऱ्यांना आवाज पाठवू द्या. मिनिटाच्या आत सांगा म्हणावं, आणि खाली कोणीतरी दोन ओळींत सार लिहावं. नाहीतर तीन मिनिटांचं न ऐकताच लोक उत्तर देतात.

राहिलेलं

ठराव ग्रुपवर करू नका. बैठक देवळात, मुंबई मंडळ व्हिडिओ कॉलवर, सह्यांच्या पानाचा फोटो दवंडीत. पूर्ण पानाचा, खालच्या चार बोटांसकट.

लोक विचारतात, कोणी काहीबाही टाकलं तर ॲडमिनला पोलीस धरतात का. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सभासदाच्या मेसेजसाठी ॲडमिन आपोआप दोषी होत नाही, त्यात त्याचा संगनमताचा हेतू असल्याशिवाय. म्हणून निवांत राहू नका, पण घाबरून पद सोडायचंही कारण नाही.

वाडीचं फेसबुक पान काढायचा आग्रह तरुणांचा असतो. मी नको म्हणतो. ग्रुपवर निदान जे आधी आलं ते आधी दिसतं. तिकडे काय वर आणायचं ते यंत्र ठरवतं. २०१७ मध्ये फेसबुकने रागाच्या चेहऱ्यासकट सगळ्या इमोजी-प्रतिक्रियांना साध्या लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं, हे २०२१ मध्ये बाहेर आलं. पुढे रागाचं वजन काढून टाकलं म्हणे. आमच्या सभामंडपाच्या त्या रात्रीला पाचपट वजन मिळालं असतं तर काय, एवढाच विचार करतो आणि गप्प बसतो.

पडवीला दुसरा ॲडमिन नेमून ठेवा, तो वाडीच्या दुसऱ्या तटातला असला तर उत्तम. मी नेमला आहे, त्या रात्री सगळ्यात जास्त बोलला होता तोच.

दहाला पाच कमी आहेत. पडवीत फरशी की कोबा यावर चाललंय. उंबऱ्यात उभा राहिलेला तो चुलत भाऊ काहीतरी टाइप करताना दिसतोय, मघापासून. त्याचं होईपर्यंत थांबतो, मग कुलूप लावतो.